एक पीळ बाकी

"किल्ली तुझ्याकडे, कुलूप माझ्याकडे. दोन महिने दाराच्या दोन बाजूंना बसल्यासारख्या राहिलो आपण," मावशी म्हणाली. "उघड बाई आता. कॉलेजचे सर उद्या धाग्यासाठी येतायत, आणि त्यांना 'येऊ नका' म्हणायला माझ्याकडे आता एकही कारण उरलं नाही."

लेकीने पर्समधून किल्ली काढली. आई गेल्यावर सगळं आटोपून ती शहरात नोकरीवर परत गेली, तेव्हा घरातलं काहीच तिने नेलं नव्हतं. आईचे कपडे, चष्मा, खूण घालून ठेवलेलं पुस्तक, सगळं जागच्या जागी राहिलं. नेली ती फक्त मागच्या खोलीची ही किल्ली. का नेली हे मावशीने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. एका प्रकाशनसंस्थेत ती मुद्रितं तपासायची. तिथल्या खणात, तांबड्या पेन्सिलींच्या शेजारी, किल्ली पडून होती. खण उघडला की ती दिसायची, आणि दिसली की लेकीला थोडं बरं वाटायचं. खोली बंद आहे. आत सगळं आईने ठेवलं तसं आहे.

घराच्या दोन खोल्या म्हणजे कारखाना. पुढच्या खोलीत शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांतली मोडकी उपकरणं दुरुस्तीला यायची. ताणून ताणून लांब झालेल्या स्प्रिंगचे काटे, एका बाजूला झुकलेले तराजू, अडकलेली होकायंत्रं. ते काम मावशीचं. मागची खोली आईची, आणि तिथे एकच काम चालायचं. काचेचा धागा ओढायचा, टांगायचा आणि रुळवायचा.

ओढायचं कामही तसं दोघींचं होतं. काचेची कांडी आई ज्योतीवर धरायची. ती लाल होऊन मऊ पडली की आई ओरडायची, "पळ!" आणि दुसरं टोक चिमट्यात धरून मावशी पळत सुटायची, मागच्या खोलीतून मधल्या बोळातून थेट पुढच्या दारापर्यंत. तिच्यामागे हवेत केसाहून बारीक काच तरंगत राहायची. "तुझ्या आईने मला जन्मभर पळवलं," मावशी आल्यागेल्याला सांगायची, "लोकांच्या बहिणी नुसत्या म्हणण्यापुरत्या पळवतात." आता तिचे गुडघे दुखायचे आणि वजनही वाढलं होतं, तरी शेवटच्या धाग्यालाही पळाली होती तीच. तो धागा या बंद खोलीत टांगलेला होता.

कुलूप उघडलं. दार ढकलताना मावशी एक पाऊल मागे राहिली.

आत थंड होतं. खोलीला खिडकी नव्हती, कारण वाऱ्याची एक झुळूकही या कामाला चालत नसे. मावशीने दिवा लावला. भिंतीत बसवलेल्या दगडी फळीवर ती उंच, अरुंद काचेची पेटी होती. पेटीच्या माथ्यावर पितळी घुंडी. घुंडीखाली धागा, जो नुसत्या डोळ्यांना दिसत नसे. त्याच्या टोकाला हलकी दांडी आणि दांडीवर नखाएवढा आरसा. दिव्याचा किरण आरशावर पडून समोरच्या भिंतीवरच्या कागदी पट्टीवर जायचा आणि तिथे प्रकाशाचा ठिपका उमटायचा. धाग्याला जरा जरी पीळ पडला तरी आरसा वळणार, आणि भिंतीवरचा ठिपका चांगला बोटभर सरकणार. पेटीसमोर आईची खुर्ची. मावशी तिला जेवायला बोलवायला आली होती तेव्हा ती याच खुर्चीत होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून, ठिपका थांबायची वाट बघत बसल्यासारखी.

"तशीच आहे बघ घुंडी," मावशी म्हणाली. "डावीकडे. त्या दिवशी सकाळीच पहिला पीळ घातला होता तिने."

घुंडीपासून भिंतीपर्यंत एका कोळ्याने जाळं विणलं होतं. त्यावर धूळ साचून ते राखाडी झालं होतं.

"मी किल्ली न्यायच्या आधीही हात नाही लावलास तू?"

"मी? धागा तिच्या हातातला. मी कशाला लावीन?"

हा या घरातला नियम होता. धागा रुळवणं म्हणजे त्याच्या अंगातली ओढ घालवणं. ताजा धागा पिळून सोडला तर तो शून्यावर परत येतो खरा, पण पुरता येत नाही. ज्या बाजूला पिळला होता त्या बाजूला तो कितीतरी वेळ हळूहळू कलत राहतो, झोपेत कूस बदलल्यासारखा. असल्या धाग्यावर मोजमाप करता येत नाही. म्हणून त्याला आधी डावीकडे पिळून महिनाभर ठेवायचं. मग उजवीकडे, त्याच्या निम्मा काळ. मग पुन्हा डावीकडे, त्याच्याही निम्मा. असं निम्मं निम्मं करत शेवटचे पीळ श्वासाएवढे होतात. मग धागा सोडला की ठिपका शून्यावर येतो आणि तिथेच राहतो. धागा रुळला, विसरला. पण सगळे पीळ एकाच हाताने घालायचे. दुसरा हात लागला की त्याची चाल वेगळी, त्याचा जोर वेगळा, आणि मग पहिल्यापासून सुरुवात. "हा माझ्या हातातला आहे," आई म्हणायची, आणि तेवढं म्हटलं की मावशी त्या पेटीकडे बघायचीही नाही.

लेक शाळेत असताना एकदा स्थितिस्थापकतेची व्याख्या पाठ करत होती. बल काढून घेतल्यावर पदार्थ मूळ स्थितीला येतो, वगैरे. आईने पुस्तक मिटायला लावलं.

"सगळे सारखे येत नाहीत," आई म्हणाली होती. "पोलाद म्हणजे पडलं की कपडे झटकून उठणारं माणूस. शिसं एकदा वाकलं की वाकलं, मनाला लावून घेतं. आणि काच परत येते, पण बोलत बोलत येते."

मग तिने एक धागा उजवीकडे पिळून दिवसभर ठेवला. संध्याकाळी तोच डावीकडे पिळून जरासा वेळ धरला आणि सोडून दिला. भिंतीवरचा ठिपका शून्यावर आला, डावीकडे कलला, थांबला. मग कोणी हाक मारल्यासारखा वळला आणि उजवीकडे चालू लागला, बराच वेळ चालत राहिला. पेटीला कोणी हात लावला नव्हता.

"बघ," आई म्हणाली, "आधी आत्ताचं सांगितलं, मग सकाळचं. काचेला सगळं आठवतं, फक्त उलट्या क्रमाने."

लेक त्या रात्री घाबरून आईच्या कुशीत झोपली होती.

आता तिने हाताने कोळ्याचं जाळं बाजूला केलं.

"मी सोडते," ती म्हणाली.

"सोड. तसाही कामातून गेलाय तो. महिन्याचा पीळ दोन महिने राहिला. आता सोडलास तर डावीकडे कलत बसेल दिवाळखोरासारखा, कोणाकडे न बघता, दोन-तीन महिने तरी. सरांना सांगू की नवीन ओढतो."

"कोण पळणार?"

"तू पळ. इतकी पुस्तकं वाचलीस, एकदा पळून बघ."

लेक हसली. पण तिला सरांसाठी धागा नको होता. तो डावीकडे कलताना तिला बघायचा होता. आईच्या हाताने केलेली शेवटची गोष्ट या काचेत होती. ती पीळ सोडेल, आणि तो हळूहळू बाहेर येईल, तिच्या डोळ्यांसमोर, कितीही दिवस लागोत. रजेचा अर्ज तिने पाठवून ठेवला होता. मावशीला हे सांगायचं धाडस तिला झालं नव्हतं.

तिने घुंडी धरली. पितळ थंड होतं. सावकाश, जसं आईला करताना पाहिलं होतं तसं, तिने ती शून्यावर आणली.

ठिपका पट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झुलू लागला. झोके लहान होत गेले. दोघी बघत राहिल्या. शेवटी ठिपका शून्यावर थांबला.

"आता डावीकडे," मावशी म्हणाली.

ठिपका उजवीकडे सरकला.

अगदी थोडा. तांदळाच्या दाण्याएवढा. अर्ध्या वाटेत क्षणभर अडखळला, मग पुढे गेला आणि थांबला. मग वळून डावीकडे आला, जरा जास्त वेळ घेत, सरळ, न अडखळता. पुन्हा उजवीकडे, आणखी सावकाश. पुन्हा मध्येच तो अडखळला. मग शून्याच्या अगदी शेजारी, केसभर उजवीकडे, येऊन राहिला. पुढे हललाच नाही.

मावशीने भिंतीला हात टेकला.

"हे काय गं?"

"तूच सांग."

"हा रुळलेला धागा आहे," मावशी म्हणाली. तिचा आवाज कामाचा होता, दुकानातला. "न रुळवलेला धागा असा वागत नाही. हा सगळा निम्मा-निम्मा करत आलाय. शेवटाला आलाय. फक्त..."

"मावशी, खरं सांग. दुसरी किल्ली करून घेतलीस?"

"मी? तूच आली असशील गुपचूप. किल्ली कोणाकडे होती?"

"मी शहरात होते."

"आणि मी इथे आहे म्हणून मी चोर? जाळं बघितलंस ना स्वतः? तू मोडलंस आत्ता. घुंडी कोणी फिरवली असती तर ते राहिलं असतं?"

नसतं राहिलं. लेकीला ते ठाऊक होतं. जाळं अख्खं होतं, घुंडी पहिल्या दिवसासारखी डावीकडे होती. तरी या धाग्याला उजवा पीळ आठवत होता, आणि तो त्याने सगळ्यात आधी सांगितला होता. म्हणजे तो सगळ्यात शेवटी घातलेला होता. त्यांनी कुलूप उघडायच्या थोडाच वेळ आधी.

"तो अडखळला," लेक म्हणाली. "उजवीकडे जाताना. दोन्ही वेळा."

मावशीचा हात नकळत स्वतःच्या उजव्या मनगटावर गेला.

आईचं उजवं मनगट मोडलेलं होतं. याच खोलीत ओल्या फरशीवर घसरली होती ती, फार वर्षांपूर्वी. हाड बसलं, पण घुंडी उजवीकडे फिरवताना अर्ध्यावर कळ यायची. तिथे ती क्षणभर थांबायची, ओठ आवळायची आणि मग उरलेलं फिरवायची. डाव्या पिळात काही नसायचं. आईचे धागे सरांना बरोबर ओळखू यायचे, ते गमतीने म्हणायचे, "बाईंच्या धाग्याला उजवीकडे एक उचकी लागते." पुरतं रुळवून ती उचकीही घालवायला आई जास्तीचे पीळ घालायची.

"दुखतंय अजून तिला," मावशी पुटपुटली. मग पदर नसलेल्या खांद्यावर उगाच हात फिरवून म्हणाली, "चल. बाहेर चल आता."

"का?"

"एक पीळ बाकी आहे. दिसत नाही का? केसभर उजवीकडे राहिलाय तो. एक डावा पीळ, एका श्वासाएवढा, आणि झालं. आपण मध्येच कडमडलो. घुंडी परत डावीकडे नको नेऊस, जशी आहे तशी राहू दे. दार लावू. तिचं काम तिला करू दे."

दोन महिन्यांत मावशीने रडून आकांत केला नव्हता की काही नाही. पुढच्या खोलीत काटे दुरुस्त करत राहिली होती. आता ती इतक्या सहज बोलत होती की जणू आई बाजारातून परत यायची होती.

"आणि मग?" लेकीने विचारलं.

"मग काय?"

"तो पीळ घालून झाल्यावर."

"मग सुटली ती," मावशी म्हणाली. "अर्धं काम टाकून कधी उठली होती का ती खुर्चीतून? तुझ्या वडिलांना न्यायला गाडी आली तेव्हासुद्धा 'हा पीळ होऊ दे' म्हणाली होती. हा झाला की उठेल."

पुढच्या खोलीत फोन वाजू लागला. "सर असणार," मावशी म्हणाली. "उद्या या म्हणते. दार लावून ये तू." आणि गुडघ्यावर हात ठेवत ती निघाली.

लेक एकटी राहिली.

तिने खुर्चीकडे बघितलं. खुर्चीत कोणी नव्हतं. ती पेटीजवळ उभी राहिली आणि ऐकत राहिली. बोळापलीकडून मावशीचा मोठा आवाज येत होता. "हो हो, विद्यार्थी म्हातारे व्हायच्या आत देते. उद्या. नक्की."

दिव्याच्या किरणात धूळ तरंगत होती. मग भिंतीवरचा ठिपका विझला.

दिवा जळत होता. किरण दिव्यापासून निघत होता, पण आरशापर्यंत पोचत नव्हता. खुर्चीसमोर, माणूस पुढे वाकून घुंडीकडे हात नेईल बरोबर त्या जागी, तो तुटला होता. त्याच्या पलीकडे धुळीचे कण दिसत नव्हते.

"आई," लेक म्हणाली.

ठिपका पुन्हा उमटला. केसभर उजवीकडे, जिथे होता तिथेच. किरण अख्खा झाला आणि धूळ त्यातून संथपणे खाली येऊ लागली. ती बोलली नसती तर कदाचित तो पीळ तेव्हाच घालून झाला असता. तिच्यासमोर आईला ते करायचं नव्हतं. तिने बाहेर जावं, एवढीच वाट आई बघत होती.

लेक बाहेर गेली नाही. तिला भीती वाटत होती, पण भीतीच्याही खाली एक गोष्ट तिला लख्ख दिसत होती. काम संपलं की आई जाईल. काम राहिलं तर राहील. दोन महिने ती शहरात अंथरुणावर पडून छताकडे बघत होती, आणि त्या सगळ्या वेळात आई इथे होती, दुखऱ्या मनगटाने निम्मं निम्मं करत. आणि उरलं होतं ते एका श्वासाएवढं.

महिनाभराचा पीळ नको. उद्या सर यायचे आहेत. एका रात्रीचा पुरे. पण पूर्ण जोराचा. मग तो घालवायला आईला पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे, सगळं करावं लागेल. आणि ते संपत आलं की पुन्हा एक.

आपण काय करतो आहोत हे तिला कळत होतं. आईला विश्रांती हवी असेल हेही कळत होतं. कळून काही उपयोग झाला नाही. तिने घुंडी धरली आणि डावीकडे फिरवली, जाईल तेवढी. ठिपका पट्टीवरून सुटला, भिंतीच्या कोपऱ्यात गेला आणि तिथे थरथरत राहिला.

मग तिने दिवा मालवला, दार ओढून घेतलं, कुलूप घातलं.

"लावलंस?" मावशीने विचारलं.

"लावलं."

त्या रात्री तिला गाढ झोप लागली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

सकाळी मावशी न्हाऊन, केस नीट विंचरून तयार होती. सर अकराच्या सुमारास येणार होते. त्यांच्यासाठी पेटीला लाकडी खोकं तयार होतं, आत भुसा भरलेला. "चल," ती म्हणाली. "शून्यावर असेल बघ. मी रात्रभर जागी होते. वाटलं, काही ऐकू येईल. काही नाही आलं. म्हणजे सुखाने गेली."

लेकीने कुलूप उघडलं. धागा काय सांगेल हे तिला माहीत होतं. आधी एक छोटी उजवी उचकी. मग डावं. मग पुन्हा उजवं.

दिवा लागला. मावशीने घुंडीकडे पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"ही डावीकडे कशी? तू काल शून्यावर आणली होतीस."

"बघ तर खरं आधी," लेक म्हणाली, आणि घुंडी शून्यावर आणली.

ठिपका झुलला. झोके विरले. शून्यावर आला.

मग तो डावीकडे कलू लागला.

लेक वाट बघत होती. आता थांबेल. आता वळेल. ठिपका डावीकडे जात राहिला, एका संथ, सारख्या चालीने, कुठेही न अडखळता. पट्टीवरची एक रेघ ओलांडली, दुसरी ओलांडली. त्याच्या चालीत काही नव्हतं. एक पीळ, एकदाच घातलेला आणि रात्रभर राहिलेला. नव्याकोऱ्या धाग्यासारखा.

"कोणी आलं नाही," लेक म्हणाली.

मावशीने ठिपक्यावरून नजर काढून लेकीकडे बघितलं.

"तू हात लावलास."

"हो."

"पीळ घातलास त्याला."

"मला वाटलं, काम वाढलं तर ती..." लेकीने खुर्चीकडे पाहिलं. "मला वाटलं, थांबेल."

"अगं वेडे," मावशी म्हणाली. रागाने म्हणायला गेली होती, पण आवाज मध्येच फाटला. "तू पीळ घातलास की तो तुझ्या हातातला झाला. दुसऱ्याच्या हातातल्या धाग्याला ती कधी शिवली होती का? मेली तरी शिवणार नाही."

मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन तिने तोंडावर हात ठेवला.

लेक खुर्चीजवळ गेली. किरण दिव्यापासून आरशापर्यंत आणि आरशापासून भिंतीपर्यंत अखंड होता. त्यात धूळ होती. ती किरणात हात घालून उभी राहिली, म्हणजे निदान आपल्या हाताची तरी सावली पडावी. ठिपका विझला. हात काढल्यावर उमटला. आता तो आणखी थोडा डावीकडे होता.

"एकच राहिला होता तिचा," मावशी म्हणाली. "एकच."

"मी परत उलटा फिरवते. तेवढाच उजवीकडे, तेवढाच वेळ."

"त्याने जाईल का? उलटा फिरवलास तरी तो तुझाच. जे घातलं ते काढून घेता येत नाही, त्यावर दुसरं घालावं लागतं. एवढं लहानपणापासून बघतेस."

"मग ती कुठे असेल?"

मावशीने खांदे उडवले. तिला माहीत नव्हतं. ती इतकी प्रामाणिक होती की खोटं समाधान तिला सुचलंही नाही. ती खोलीच्या कोपऱ्यांकडे बघत राहिली, जणू तिथे कुठे आई हात मांडीवर ठेवून उभी असेल, आपल्या धाग्याकडे जाता येत नाही म्हणून ताटकळत. लेकीनेही त्याच कोपऱ्यांकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. काही नसणं हे कालपेक्षा वेगळं होतं. काल खोलीत एक काम चालू होतं.

पुढच्या खोलीत फोन वाजला. वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजू लागला.

"मी बघते," मावशी म्हणाली, पण लगेच गेली नाही. लेक खुर्चीत बसली होती. आईच्या खुर्चीत ती आजवर बसली नव्हती. तिथून घुंडीपर्यंत हात नेला की कोपर पोटाशी घ्यावं लागायचं आणि मान जरा वाकवावी लागायची. तिने तशी मान वाकवली. मग घुंडी धरून उजवीकडे फिरवली, एका दमात, जाईल तेवढी. ठिपका भिंत ओलांडून दुसऱ्या कोपऱ्यात गेला.

"किती वेळ धरायचा हा?" तिने विचारलं.

"काल संध्याकाळपासून आत्तापर्यंत झाला ना तो डावा? त्याच्या निम्मा," मावशी म्हणाली. "पण तो काही खरा पीळ नव्हे. असा घाईचा धागा सरांना देता येणार नाही. पुरतं करायचं तर महिन्याच्या डाव्यापासून सुरू करावं लागेल. राहशील?"

"राहीन."

मावशी गेली. बोळातून तिचा आवाज येत होता, थकलेला, पण शब्द न् शब्द ऐकू येईल असा.

"सर, निघाला नाहीत ना? निघू नका. नाही, फुटला नाही, चांगला आहे. दोन महिने तरी लागतील. हो, मला माहीत आहे उद्या म्हणाले होते ते. काय करणार, पहिल्यापासून रुळवावा लागेल. धागा आता लेकीच्या हातात आहे."